आमची वाटचाल : पेटी, गिटार आणि समोरचं शोरूम

आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, जळगावात फुले मार्केटजवळ दुकान टाकलं ते पेटीचं. भात्याचं चामडं बदलायचं, पालिताण्याच्या रीड बसवायच्या, भजनी मंडळांच्या पेट्या सप्ताहाच्या आधी सुरात लावून द्यायच्या. गिटार दुकानात आणली ती ऑर्केस्ट्रावाल्यांनी. लग्नसराईत रात्रभर वाजवायचे आणि सकाळी मोडकी गिटार आप्पांपुढे ठेवून म्हणायचे, "आप्पा, संध्याकाळी साक्रीला कार्यक्रम शे."

भागीदार होते मिस्त्री. मूळचे दारं-खिडक्या करणारे, पण लाकडाचा वास घेऊन जात सांगायचे. परदेशातल्या मोठमोठ्या कंपन्या फिंगरबोर्डला, म्हणजे तारांखालच्या बोटं दाबायच्या पट्टीला, आपल्याकडची शिसवी वापरतात, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मंग गिटारवर नाव त्यांचंच काबरं?"

दुकानाची खरी पुंजी हत्यारांची. नट म्हणजे गिटारच्या डोक्याजवळ तारा ज्यावरून जातात ती पट्टी. तिच्या खाचा कापायला बाहेर प्रत्येक तारेच्या जाडीची वेगळी कानस मिळते. तो संच आम्हाला कधी परवडला नाही, पण जळगाव म्हणजे सोन्याचं गाव. सोनारांची हत्यारं विकणाऱ्याकडून बारीक कानशी आणल्या, अजून त्याच चालतात. नेकचा, म्हणजे गिटारच्या दांड्याचा, बाक मोजायला फिलर गेज आहे, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा, गॅरेजवाला टॅपेट लावायला वापरतो तेच. फ्रेट, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, एका पातळीत घासायला ग्रॅनाइटची पट्टी, तिला पॉलिश पेपर चिकटवलेला. फिलर गेज पाहून गिऱ्हाईक हसतं. पहिला आणि चौदावा फ्रेट दाबून मधल्या फटीत पाव मिलिमीटरची पट्टी सरकवून दाखवली की हसू थांबतं.

आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक भुसावळचे गार्डसाहेब. रेल्वेतून निवृत्त झालेले, रविवारी चर्चमध्ये वाजवणारे. त्यांची गिटार प्लायची, डोक्यावरचं कंपनीचं नाव कधीच पुसून गेलेलं. ते हवाईयन वाजवायचे, मांडीवर आडवी ठेवून, तारेवरून स्टीलची कांडी फिरवून. इतर सगळे तारा खाली घ्या म्हणून मागे लागायचे. यांना तारा इतक्या उंच लागायच्या की बोट दाबूनही फ्रेटला टेकू नये. मिस्त्रींनी त्यांच्यासाठी नटवर बसणारी पितळी टोपी करून दिली होती. वाजवायला सोपी गिटार म्हणजे काय, हे वाजवणाऱ्याच्या हातावर ठरतं, हे मी या माणसाकडून शिकलो.

मधली वर्षं बरी गेली. मग ऑर्केस्ट्रे बसले, लग्नात डीजे आले आणि त्याच सुमारास समोरच्या रांगेत शोरूम उघडलं. नाव लिहीत नाही, जळगावकरांना कळेल. काचेचं दार, एसी, भिंतभर टांगलेल्या गिटारी, प्रत्येकीवर वेगळा दिवा. काळी चकचकीत, सनबर्स्ट, शिंपल्याची नक्षी. हप्त्यावर मिळायची. गिऱ्हाइकाला सांगायचे, "सेटिंग फुकट करून देऊ." सेटिंग म्हणजे तारांची उंची, नेकचा बाक हाताला बसेल असा लावणं. कोणालाही करून दिलं नाही. पोरं गिटार तिकडून घ्यायची आणि बोटं सोलली की माझ्याकडे यायची. एक एरंडोलचा मुलगा म्हणाला, "भाऊ, देखाले भारी शे, पन बोटं दुखतस." मोजलं तर बाराव्या फ्रेटवर जाडी तार चार मिलिमीटर वर. स्टीलच्या तारांच्या गिटारला तिथे अडीचच्या आत हवी. सॅडल, म्हणजे खालच्या टोकाला ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी, तळातून जितकी घासाल त्याच्या निम्मी उंची बाराव्या फ्रेटवर कमी होते. म्हणजे तीन मिलिमीटर घासायची होती आणि सॅडल तेवढी वर होतीच कुठे?

ही कामं शे-दोनशेची. विक्री सगळी समोर. तिकडचा सेल्समन सांगायचा, "त्यांच्याकडे लोकल माल, नाव नाही काही." नाव! लिओ फेंडर, ज्याच्या नावाच्या गिटारी आज जगभर विकतात, तो मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्याने १९५० च्या सुमारास जी इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली तिचा नेक चार स्क्रूंवर बसवलेला, बिघडला की काढा आणि दुसरा लावा. दुरुस्तीवाल्याच्या डोक्यातून निघालेली वस्तू आज प्रतिष्ठेची झाली आणि दुरुस्तीवाला लोकल ठरला. भाडं थकलं. सोन्याच्या गावात राहून बायकोच्या पाटल्या गहाण टाकायला गेलो. पेढीवर ओळखीचे चार लोक भेटले. जास्त लिहीत नाही.

त्या दिवसांत गार्डसाहेब नातवाला घेऊन आले. पोराला इलेक्ट्रिक हवी होती आणि समोरच्या शोरूममधली निळी हवी होती. गार्डसाहेब म्हणाले, "तू भी चल." मी नाही म्हणत होतो, त्यांनी ओढूनच नेलं. आयुष्यात त्या दुकानात गेलो तो एकदाच. त्यांनी तीन गिटारी खाली काढायला लावल्या, प्रत्येकीच्या डोक्यावर रुमाल टाकला आणि नातवाला सांगितलं, आता वाजव. सेल्समनचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. पोराने एफ कॉर्ड धरला, वर जाऊन एकेक फ्रेट दाबून पाहिला. निळीचा नेक त्याच्या हाताला जाड होता. स्केल, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंतची तारेची लांबी, ६४८ मिलिमीटरचं, पहिल्या फ्रेटवर बोटं ताणायची. दुसरी तपकिरी, मध्यम किमतीची, ६२८ ची. वीस मिलिमीटरचा फरक, पण लहान हाताला तो कळतो, तारही मऊ लागते. पोरगं त्या तपकिरीवर रमलं. माल चांगला होता, हे मी तिथे उभ्या उभ्या कबूल केलं. गार्डसाहेबांनी तीच घेतली.

आणि पोराने तिला हात लावला नाही. गार्डसाहेब काही महिन्यांनी गिटार घेऊन आले, तारांना गंज. नातू म्हणे, "ही आजोबांसारखी दिसते." मी नेकबद्दल बोलत बसलो असतो. मिस्त्रींनी न बोलता स्क्रू काढले, वायरिंग सोडवलं, बॉडी घासून उघडी केली आणि गाड्या रंगवणाऱ्या ओळखीच्या पेंटरकडून ड्युको रंग मारून आणली. निळी. मोटारसायकलची असते तशी, जरा भडकच. भरीव बॉडीच्या इलेक्ट्रिकला रंगाने आवाजात फरक पडत नाही म्हणून मी होकार दिला. अकूस्टिकवर असा जाड थर कधीच मारू देत नाही, वरची पातळ फळी गुदमरते. पोरगं दुसऱ्या दिवसापासून वाजवायला लागलं. कॉलेजच्या गॅदरिंगला त्या गिटारचे फोटो सगळीकडे फिरले आणि महिन्याभरात दुकानासमोर रंगवायच्या गिटारींची रांग. नेक पाहा, नेक पाहा, असं आयुष्यभर सांगणाऱ्या माणसाचं दुकान रंगाने तारलं. पाटल्या सुटल्या.

तेव्हापासून गिटार घ्यायला येणाऱ्याला सांगतो, आवडत नाही ती घेऊ नकोस. खुंटीवर पाहून हात तिच्याकडे गेला पाहिजे. पण आवडलेल्या दोन-तीन असतील तर त्यांतून निवड हाताने कर. नटवर नेक साधारण ४३ मिलिमीटरचा, क्लासिकलचा ५२ चा. चार बोटं त्यात मावतात का बघ. डोळा लावून नेक सरळ आहे का बघ. बाराव्या फ्रेटवर तार दाबून निघालेला सूर आणि तिथेच नुसतं बोट टेकवून निघालेला हार्मोनिक, दोन्ही एकाच सुरात आहेत का ऐक. नावाचे पैसे पुन्हा विकताना निम्मे तरी परत येतात, म्हणून नाव अगदीच फुकट नाही. कार्यक्रमवाल्याला तर ते लागतंच, आयोजक आधी डोकं बघतो, मग ऐकतो.

आणखी एक, खानदेशात राहणाऱ्यांसाठी. सॉलिड, म्हणजे अखंड लाकडाच्या, फळीच्या गिटारचा आवाज उजवा, यात शंका नाही. पण तिला हवेत ४५ ते ५५ टक्के ओलावा लागतो आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर, हवा कोरडी. फळी आकसते, बसते, फ्रेटची टोकं बाजूला बोचायला लागतात, कधी चीर जाते. मग जुलैत तीच फळी फुगते आणि तारा वर. प्लायची गिटार हे सगळं सोसते. केसमध्ये ओला स्पंज डबीत घालून ठेवणार असाल तर सॉलिड घ्या, नाहीतर प्लाय घ्या आणि उरलेले पैसे सेटिंगला द्या. उन्हात उभ्या गाडीत तर कोणतीच ठेवू नका. सरस मऊ पडतो आणि ब्रिज उचलून येतो.

मिस्त्री गेले. त्यांच्या कानशी मी वापरतो. गार्डसाहेब आता डोळ्यांनी अधू आहेत, नातू पुण्याला असतो आणि सुट्टीत आला की त्यांची हवाईयन तारा बदलायला घेऊन येतो. पितळी टोपी अजून तीच आहे.

शोरूम पुढे बंद झालं. लोकांना वाटलं मी पेढे वाटले असतील. बंद होताना त्याने निम्म्या किमतीत सेल लावला आणि दोन महिन्यांत गावात इतक्या गिटारी गेल्या की माझ्याकडची विक्री वर्षभर ठप्प झाली. चालू असताना केलं नाही तेवढं नुकसान त्याने जाता जाता केलं. त्या सेलमधल्या गिटारी अजून दुरुस्तीला येतात, तारा चार-चार मिलिमीटर वर. बाकीच्यांना सूट देतो. सेलवाल्यांकडून पूर्ण पैसे घेतो.