तुम्ही विचारलंत म्हणून: दोन्ही ‘आय३’च, मग घ्यायचा कोणता?

“ताई, दोन्ही आय३ आहेत. एकात आठ कोअर, दुसऱ्यात सहा. दोन्ही १५ वॉटचे. मग आठवाला घेऊन टाकू ना?”

शब्द इकडचे तिकडे होतात, प्रश्न हाच असतो. सोबत दोन लॅपटॉपच्या माहितीचे स्क्रीनशॉट येतात. एकात लिहिलेलं असतं कोअर आय३-एन३०५, दुसऱ्यात कोअर आय३-१२१५यू. ही इंटेल कंपनीच्या दोन प्रोसेसरची, म्हणजे लॅपटॉपच्या मेंदूंची नावं; आणि प्रश्नातले आठ-सहा ‘कोअर’ म्हणजे त्या मेंदूतले स्वतंत्रपणे काम करणारे भाग. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून अशा निरोपांना ऊत आला आहे. विचारणाऱ्यांना गेम खेळायचे नसतात, सिनेमे एडिट करायचे नसतात. ब्राउझर, ईमेल, एक्सेल, व्हिडिओ कॉल, यूट्यूब, अधूनमधून एखादी पीडीएफ, एवढाच त्यांचा संसार.

उत्तर आधी देऊन टाकते: बाकी सगळं सारखं असेल तर १२१५यू. पण बाकी सगळं सारखं जवळपास कधीच नसतं आणि खरा घोळ तिथेच होतो. म्हणून हे सविस्तर.

आधी त्या ‘आय३’ या नावाचा छडा लावू. इंटेलकडे पूर्वीपासून दोन घराणी आहेत. एक ‘कोअर’चं (हे ब्रँडचं नाव, आतले कोअर वेगळे). दुसरं अ‍ॅटमचं, २००८ मध्ये सुरू झालेलं, कमी विजेवर चालणाऱ्या छोट्या मशीनसाठी. साध्या लॅपटॉपमधले बरेचसे सेलेरॉन आणि पेंटियम सिल्व्हर हे या दुसऱ्या घराण्यातले. सप्टेंबर २०२२ मध्ये इंटेलने जाहीर केलं की लॅपटॉपसाठीची पेंटियम आणि सेलेरॉन ही नावं २०२३ पासून बंद. त्यांच्या जागी नुसतं ‘इंटेल प्रोसेसर’. त्याप्रमाणे २०२३ च्या जानेवारीत एन१०० आणि एन२०० आले, ते या साध्या नावाने. पण त्याच कुटुंबातल्या आठ कोअरच्या एन३०० आणि एन३०५ या भावंडांना मात्र ‘कोअर आय३’ ही पाटी मिळाली. आत कोअर घराण्याचा मोठा, जास्त वेगवान कोअर एकही नाही; सगळे अ‍ॅटम घराण्यातले छोटे, कमी विजेवर चालणारे. मला हे नामकरण मनापासून खटकतं. ज्याला प्रोसेसरमधलं काही कळत नाही त्याच्यासाठीच ही नावं असतात, आणि फसगत नेमकी त्याचीच होते.

म्हणून एन३०५ टाकाऊ आहे असं मात्र अजिबात नाही. त्यातले आठही कोअर ‘ग्रेसमाँट’ रचनेचे आहेत. ही रचना मांडताना, ऑगस्ट २०२१ मध्ये, इंटेलने दावा केला होता की तेवढीच वीज घेऊन हा कोअर २०१५ च्या स्कायलेक कोअरपेक्षा ४० टक्के जास्त काम करतो. दावा कंपनीचा आहे हे ध्यानात ठेवलं तरी दिशा खरी आहे. २०१९ चा दोन कोअरचा सेलेरॉन एन४०२० वापरून ज्यांचे हात पोळले आहेत, त्यांनी तो राग एन३०५ वर काढू नये. दोघांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

आता १२१५यू. हा २०२२ च्या सुरुवातीचा, म्हणजे वयाने एक वर्ष मोठा. यात चार छोटे कोअर आहेत, तेही ग्रेसमाँटच. गंमत म्हणजे एन३०५ मध्ये हे कोअर ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत (म्हणजे सेकंदाला ३.८ अब्ज ठोक्यांपर्यंत) धावतात, १२१५यू मध्ये ३.३ पर्यंतच. मात्र १२१५यू मध्ये त्यांच्या जोडीला दोन मोठे कोअर आहेत, ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारे. प्रत्येक मोठा कोअर एकावेळी दोन थ्रेड, म्हणजे कामाचे दोन धागे, चालवतो. दोन दुणे चार, अधिक छोट्यांचे चार, म्हणजे आठ थ्रेड. छोट्या कोअरना ही दुहेरी सोय नसते, त्यामुळे एन३०५ चे आठ कोअर म्हणजेही आठच थ्रेड. दोन्ही लॅपटॉपवर विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडा, लॉजिकल प्रोसेसर (म्हणजे हेच थ्रेड) दोन्हीकडे आठ दिसतील. उडदामाजी काळेगोरे कसे निवडायचे, हा प्रश्न त्या आकड्याने सुटत नाही.

तो सुटतो एका कोअरच्या वेगाने. फरक ३.८ आणि ४.४ एवढाच दिसत असला तरी मोठा कोअर घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला जास्त काम उरकतो. एकट्या कोअरचा वेग मोजणाऱ्या चाचण्यांत १२१५यू साधारण दीडपट पुढे असतो. सगळे कोअर एकदम जुंपले की दोघं बरेच जवळ येतात.

मग रोजच्या वापरात यातलं जाणवतं काय? विहीर खणायला आठ माणसं लावली तर ती लवकर होते, पण सुईत दोरा ओवायला आठ जण काय कामाचे? वेब पान उघडताना त्यातली जावास्क्रिप्ट (पानातला कोड) चालवणं, मजकूर आणि चित्रं जागेवर बसवणं, तुमच्या क्लिकला प्रतिसाद देणं, यातलं बहुतेक काम त्या पानाच्या एका मुख्य थ्रेडवर होतं. ब्राउझर वेगवेगळे टॅब वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये टाकतो हे खरं, पण तुम्ही ज्या पानाकडे बघताय ते शेवटी एका कोअरच्या जिवावर उभं असतं. एखादा प्रोग्रॅम सुरू होणं, मेनू उघडणं, मोठ्या शीटमध्ये एक आकडा बदलल्यावर बाकीचे हलणं, हाही बराचसा सुईदोऱ्याचाच मामला. ‘लॅपटॉप अडखळतो’ असं आपण म्हणतो ते बहुतेक वेळा याच क्षणांबद्दल. शंभर फोटो एकदम लहान करायचे, मोठं फोल्डर झिप करायचं, व्हिडिओ एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात न्यायचा, ही विहिरीची कामं. तिथे एन३०५ मान खाली घालत नाही. पण अशी कामं तुम्ही महिन्यातून कितीदा करता?

व्हिडिओ बघण्यावरून यांची तुलना करू नका. एच.२६४, एचईव्हीसी, व्हीपी९ आणि एव्ही१ हे व्हिडिओ साठवायचे चारही प्रकार उलगडायची सोय दोघांच्या ग्राफिक्समध्येच आहे, त्यामुळे यूट्यूब दोन्हीकडे निवांत चालतं. व्हिडिओ कॉलवर पार्श्वभूमी धूसर करायचं बटण दाबलंत की मात्र फरक दिसू लागतो. त्यात वर स्क्रीन शेअर केलीत तर एन३०५ ला घाम फुटतो.

आता त्या १५ वॉटकडे येते. गैरसमज सगळ्यात जास्त इथेच आहेत.

१५ वॉट म्हणजे हा प्रोसेसर १५ वॉट खातो, असा अर्थ नाही. दीर्घकाळ काम करताना एवढी उष्णता बाहेर टाकायची तयारी लॅपटॉपने ठेवावी, असा तो मूळ हिशोब. १२१५यू च्या तपशिलात इंटेलने त्याच्या शेजारी आणखी एक आकडा दिला आहे, कमाल टर्बो पॉवर: ५५ वॉट. म्हणजे क्लिक केल्यावर थोडा वेळ तो जोरात उसळी मारू शकतो आणि मग खाली येतो. किती उसळी, किती वेळ, हे लॅपटॉप बनवणारा ठरवतो. अगदी पातळ लॅपटॉपमध्ये ही मर्यादा आवळलेली असते, जरा जाड आणि बऱ्या पंख्याच्या लॅपटॉपमध्ये सैल. त्यामुळे एकाच नावाचे दोन १२१५यू वेगवेगळे वागतात, आणि एका लॅपटॉपचं परीक्षण वाचून दुसरा घेणं धोक्याचं ठरतं.

यातूनच पुढचा प्रश्न येतो: ‘मग एनवाल्याची बॅटरी जास्त टिकत असेल ना?’ तुम्ही एखादं पान वाचत असता तेव्हा प्रोसेसर जवळजवळ झोपलेला असतो. त्या वेळी वीज खातात स्क्रीन, वाय-फाय, मेमरी, स्टोरेज. समजा बॅटरी ४२ वॉट-अवरची आहे आणि सगळा लॅपटॉप मिळून ६ वॉट घेतोय: सात तास. स्क्रीनचा उजेड वाढवलात आणि तेच ७ वॉट झालं: सहा तास. एका वॉटने एक तास गेला आणि प्रोसेसरचा त्यात संबंधही आला नाही. शिवाय जलद प्रोसेसर काम लवकर संपवून पुन्हा झोपी जातो, हाही हिशोब धरायला हवा. म्हणून बॅटरीसाठी प्रोसेसरचं नाव बघू नका, वॉट-अवर बघा. तो आकडा दिला नसेल तर एमएएचला व्होल्टेजने गुणा आणि हजाराने भागा. ३,६०० एमएएच आणि ११.५५ व्होल्ट म्हणजे साधारण ४१.६ वॉट-अवर.

एन३०५ चा खरा गुण शांतपणा आहे. भारी उसळ्या मारायचा त्याचा स्वभाव नाही, त्यामुळे नीट बनवलेल्या मशीनमध्ये पंखा क्वचितच ऐकू येतो आणि मांडी भाजत नाही. मी स्वतः लिहायला जो लॅपटॉप वापरते त्यात एन३०५ च आहे, आणि लिहिताना मला त्याहून जास्त काही लागत नाही. हिशोबाची कामं आणि वीस-पंचवीस टॅब उघडायचे असले की मी दुसऱ्या मशीनकडे वळते. तुम्ही एकच घेणार असाल तर ही चैन तुम्हाला परवडणार नाही.

मेमरीबद्दल (म्हणजे रॅमबद्दल) मला प्रोसेसरपेक्षा जास्त बोलायचं असतं, पण ते कुणी विचारत नाही. एन३०५ ला मेमरीचा एकच चॅनल, म्हणजे माहितीच्या ये-जा करण्याची एकच वाट, आहे आणि इंटेलच्या कागदावर त्याची कमाल मर्यादा १६ जीबी. १२१५यू ला दोन चॅनल आणि ६४ जीबीपर्यंत मुभा. डीडीआर४-३२०० चा एक चॅनल सेकंदाला २५.६ जीबी वाहून नेतो, दोन मिळून ५१.२. ग्राफिक्सला वेगळी मेमरी नसल्याने तेही याच वाटेवर अवलंबून असतं. १२१५यू च्या ग्राफिक्समध्ये ६४ एक्झिक्युशन युनिट (चित्रांची गणितं करणारे भाग) आहेत, एन३०५ मध्ये ३२. कागदावर सरळ दुप्पट. पण पुष्कळ लॅपटॉपमध्ये १२१५यू सोबत ८ जीबीची एकच पट्टी लावलेली असते, म्हणजे दुसरा चॅनल रिकामा आणि निम्मी वाट बंद. दुसरा स्लॉट असेल तर आणखी एक पट्टी घालून हे दुरुस्त होतं. मेमरी बोर्डलाच सोल्डर केलेली असेल आणि रिकामा स्लॉटही नसेल तर जे आहे त्यावर वर्षानुवर्षं काढावी लागतात.

म्हणूनच वर ‘बाकी सगळं सारखं असेल तर’ अशी अट घातली. सोल्डर केलेल्या ८ जीबीचा १२१५यू आणि १६ जीबीचा एन३०५ समोरासमोर ठेवले तर मी दुसरा उचलीन. मेमरी भरली की विंडोज स्टोरेजवर आदळआपट सुरू करतं आणि मग कुठलाच कोअर तुमच्या मदतीला येत नाही. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी मेमरी आणि ६४ जीबी स्टोरेज अशी आहे. तेवढ्यावर ते बसतं, नांदत नाही.

स्टोरेजचं थोडक्यात. एन मालिकेच्या लॅपटॉपमध्ये एसएसडीऐवजी ईएमएमसी हे त्याहून संथ स्टोरेज असू शकतं. त्याची कमाल मर्यादा सेकंदाला ४०० एमबी, पीसीआयई ३.० जोडणीची बरी एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) एसएसडी ३,००० च्या वर जाते. माहितीत ईएमएमसी दिसलं की पुढचं वाचायची गरज नाही.

आणखी दोन प्रश्न नेहमी मागाहून येतात. पहिला, ‘एन१०० चालेल का?’ चार कोअर, ३.४ गिगाहर्ट्झपर्यंत वेग, ६ वॉट. एका कोअरच्या वेगात तो एन३०५ पेक्षा थोडासाच मागे आहे, त्यामुळे एका वेळी एकच काम करणाऱ्याला दोघांतला फरक कळणारही नाही. पत्रं टाइप करणं, ऑनलाइन तास, बातम्या, एवढ्याला चालेल. कॉल सुरू ठेवून दुसरं काही करायची सवय असेल तर नको.

दुसरा, ‘आता नवीन आलेत त्यांचं काय?’ इंटेलने नावातला ‘आय’ काढला, पेच तसाच ठेवला. २०२४ चा कोअर ३ १००यू हा दोन मोठे आणि चार छोटे कोअर असलेला, ४.७ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा, म्हणजे १२१५यू च्या बाजूचा. २०२५ चा कोअर ३ एन३५५ हा आठ छोट्या कोअरचा, ३.९ पर्यंत जाणारा, म्हणजे जवळपास एन३०५ च. दोन्हींवर पाटी ‘कोअर ३’. आकड्याच्या आधी ‘एन’ आहे की नंतर ‘यू’, तेवढं बघून मगच मला स्क्रीनशॉट पाठवा, आणि त्यात मेमरीची ओळ कापू नका.