आमची वाटचाल : सात नंबरचा रोप

ट्रेकिंगचं सामान भाड्याने देणारं आणि कॅम्प काढणारं आमचं दुकान. आत शिरलात की डाव्या हाताला, कॅलेंडरच्या वर, खिळ्याला हातभर रोप, म्हणजे कड्यावरून उतरायचा दोर, टांगलेला दिसेल. पिवळा, त्यात निळे ठिपके, टोकाला पांढरी टेप आणि टेपवर मार्करने काढलेला मराठी सात. नवीन गिऱ्हाईक हमखास विचारतं, एव्हरेस्टचा का हो? मी नुसतं हसतो. खरं सांगायला गेलो तर अर्धा तास जातो, आणि शुक्रवारी संध्याकाळी सॅक भाड्याने न्यायला आलेल्या माणसाकडे अर्धा तास नसतो. दुकानाला पंचवीस वर्षं होत आली म्हणून मुलीने लिहायला बसवलंय. तर आता सांगतो.

मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात टर्नर होतो. पार्टनर त्याच शॉपमध्ये फिटर. रविवारी आम्ही दोघं मुंब्र्याच्या कातळावर चढायचो. परदेशी पिटॉन आम्हाला परवडायचे नाहीत, म्हणून पार्टनर भंगारातला ट्रकचा पाटा आणून, तापवून, ठोकून मेखा बनवायचा. सेकंड शिफ्टला फोरमन जेवायला गेला की भट्टीवर आमचं काम. त्यातल्या दोन अजून ड्रॉवरमध्ये आहेत. कातळात ठोकताना मेख नीट बसत गेली की दर ठोक्याला तिचा आवाज चढत जातो, पोकळ जागी गेली तर भद्द वाजते. हल्लीच्या पोरांना हा आवाज माहीत नाही, ड्रिलने बोल्ट मारतात. मारोत. सोयीचंच आहे ते.

२००१ मध्ये कंपनीने व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, दिली. आम्ही दोघांनी मिळून नौपाड्यात गोखले रोडच्या आतल्या गल्लीत दहा बाय बाराचा गाळा घेतला. सहा टेन्ट, वीस सॅक, दोन रोप, आठ हार्नेस (रोपला अडकवायचे कमरेचे पट्टे). सॅकचे तुटलेले पट्टे बायको घरच्या मशीनवर शिवायची आणि दर महिन्याला एक सुई मोडायची. बोर्डावर कोणाचं नाव आधी, यावरून आमच्यात पहिलं भांडण झालं आणि शेवटी कोणाचंच घातलं नाही.

रोपची वही ही पार्टनरची देणगी. कारखान्यात टूलरूमचं रजिस्टर असतं, कोणतं टूल कोणी नेलं, कधी परत केलं, धार कशी होती. त्याने तेच इथे आणलं. प्रत्येक रोपला नंबर, नंबराला वहीत दोन पानं. विकत घेतल्याची तारीख, कुठे लावला, किती जण उतरले, कातळाच्या काठाला कुठे घासला, धुतला कधी. आम्ही रोप साध्या पाण्यात धुतो आणि सावलीत वाळवतो. ऊन नायलॉन खातं. जुलैत ठाण्यात रोप वाळवणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. जिन्यात रोप, पॅसेजमध्ये रोप, सोसायटीची दोन पत्रं आलेली आहेत.

वाळला की पार्टनर तो मांडीवर घेतो आणि डोळे मिटून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांतून सोडतो. दोनशे फूट. मध्ये कोणी बोललं की पुन्हा पहिल्यापासून. कव्हर वरून चांगलं दिसतं, पण आतला गाभा दबलेला असला की रोप तिथे मऊ लागतो. दुमडून बघायचं. निरोगी रोपचा गोल वळसा पडतो, गेलेला रोप चिमटीत कागदासारखा मिटतो. तुम्ही कोणाहीबरोबर रॅपलिंगला, म्हणजे रोपवरून कडा उतरायला, जा, आमच्याकडे नका येऊ हवं तर, पण कड्यावर उभं राहण्याआधी विचारा, हा रोप कधीचा आणि सेफ्टीचा दुसरा रोप कुठे आहे. उत्तर द्यायला जो चिडतो त्याच्याकडून उतरू नका.

मधल्या वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पावसाळ्यात विहीगाव, दुधिवरे इथले धबधबे, हिवाळ्यात माहुली आणि सांदण दरी, दिवाळीत शाळांची सुट्टी लागली की तारकर्लीला कॅम्प. कर्लीच्या खाडीत कयाक, मग होडीतून सिंधुदुर्ग किल्ला. (समुद्रावर मुलं नेणाऱ्यांनी आधी तिथी बघावी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, आणि गुगलपेक्षा किनाऱ्यावरचा होडीवाला जास्त खरं सांगतो.) कर्ज फिटलं, गाळ्याला शटर आलं, मुलगी दहावी झाली.

आता सात नंबर.

तो २००८ ला घेतला होता. स्टॅटिक, म्हणजे फारसा न ताणणारा, साडेदहा एमएम. चांगला रोप होता, उगाच नाव ठेवणार नाही. २०१३ च्या पावसाळ्यात दुधिवऱ्याला काठावरचं पॅडिंग सरकलं आणि दिवसभर तो कातळावर घासत राहिला. पुढच्या मे महिन्यात तपासणीला बसल्यावर एका टोकापासून चाळीस फुटांवर पार्टनरची बोटं थांबली. त्याने दुमडला. मिटला. वहीत लिहिलं, ‘बाद. कापायचा.’ आणि मला म्हणाला, आजच काप.

मी कापला नाही. बाकी एकशे साठ फूट धडधाकट दिसत होता, जीव झाला नाही. टेम्पोवर सामान बांधायला होईल म्हणून पोटमाळ्यावर टाकला.

त्याच महिन्यात आमच्याकडचा एक इन्स्ट्रक्टर सोडून गेला. चार वर्षं होता. त्याला उत्तरकाशीला गिर्यारोहणाच्या बेसिक कोर्सला पाठवलं तेव्हा अर्धी फी आम्ही भरली होती. हे मी बोलून दाखवू नये असं बायको म्हणते, तरी लिहितो. जाताना म्हणाला, “सर, माळ्यावरचा जुना रोप नेऊ का? सामान बांधायला.” मी म्हटलं, ने.

जुलैत त्याने स्वतःचं सुरू केलं. विहीगाव वॉटरफॉल रॅपलिंग, पाचशे नव्व्याण्णव, नाश्ता-जेवणासकट. आमचा दर अकराशे होता. पाचशे नव्व्याण्णवमध्ये कसाऱ्याहून जीप, दोन वेळचं खाणं, गावाला द्यायचे पैसे, चार इन्स्ट्रक्टर आणि धड सामान कसं बसतं, हे या धंद्यातल्या कोणीही मला वहीवर मांडून दाखवावं. आमचे रविवार रिकामे जायला लागले. पन्नासच्या जागी अठरा, मग अकरा.

ऑगस्टमधल्या एका रविवारी आम्ही अकरा जण घेऊन विहीगावला पोचलो, तर त्याची नव्वद जणांची रांग. धबधबा शंभर-सव्वाशे फुटांचा, पाणी जोरात, वरच्या अँकरशी, म्हणजे रोप बांधायच्या जागेशी, शिट्ट्या आणि आरडाओरडा. आमचा अँकर त्याच्यापासून वीस फुटांवर. मी हार्नेसचं बकल तपासत होतो आणि पार्टनर एकदम गप्प झाला. मी त्याच्या नजरेच्या रोखाने बघितलं. पिवळा रोप. निळे ठिपके. टोकाला टेप आणि टेपवर मराठी सात. ठाण्या-मुंबईत सगळे सामानावर इंग्रजी आकडे घालतात, मराठी आकडे घालणारा पार्टनर एकटा.

मी तिकडे गेलो. सगळ्यांसमोर बोललो, ती माझी चूक. रोप उतरव म्हटलं. तो म्हणाला, “सर, गिऱ्हाईक गेलं म्हणून पोटात दुखतंय का?” रांगेतली पोरं हसली. मला पुढे शब्द सुचेना. कानशिलं तापली होती, पाण्याच्या आवाजात नेमकं कोण काय बोलतंय तेही कळत नव्हतं.

तेवढ्यात पार्टनर आला. त्याच्या खांद्यावर आमचा अकरा नंबर होता, त्या सीझनला घेतलेला कोरा रोप. त्याने तो त्या पोराच्या पायाशी ठेवला आणि म्हणाला, “हा लाव. सोमवारी आणून दे.” एवढंच. मग स्वतः वाकून सातची गाठ सोडायला लागला. पोरगा बघत राहिला, पण अडवलं नाही त्याने. आम्ही आमच्या अकरा जणांना जुन्या नऊ नंबरवर उतरवलं आणि अर्ध्या दिवसात परत फिरलो.

कसारा लोकलमध्ये मी पार्टनरला काय काय बोललो, ते इथे लिहिता येणार नाही. आपल्या पोटावर पाय देणाऱ्याला आपलाच नवा रोप? आटगाव गेलं, आसनगाव गेलं, वासिंदला तो पहिल्यांदा बोलला. “त्या नव्वद जणांना काय माहीत रोप कोणाचा.” कल्याण ते ठाणे दोघंही गप्प. अकरा नंबर सोमवारी आला नाही. पंधरा दिवसांनी आला, चिखलाने भरलेला.

सप्टेंबरमध्ये त्याच्या ग्रुपमधला एक मुलगा धबधब्याकडे उतरायच्या पायवाटेवर घसरला आणि घोटा मोडला. रोपचा काही संबंध नव्हता. पण व्हॉट्सअॅपवर जो फोटो फिरला त्यात मागे गुंडाळलेला सात नंबर होता, आमच्या टेपसकट. शाळेशाळेत ती टेप ओळखीची होती. ‘नौपाड्यातले ते दोघं, त्यांच्याकडे अॅक्सिडेंट झाला’, असं आठ दिवसांत ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत पोचलं. डिसेंबरच्या कॅम्पसाठी सात शाळा होत्या, त्यातल्या पाच गेल्या. घेतलेले अॅडव्हान्स परत करायला मी बायकोच्या पाटल्या ठेवल्या. गाळ्याला गिऱ्हाईक आलं होतं, मोबाईल कव्हरचं दुकान टाकायचं होतं त्याला. मी जवळजवळ हो म्हटलं होतं.

सहावी शाळा कळव्याची. तिथल्या पीटीच्या बाई २००३ पासून आमच्याकडे मुलं पाठवायच्या, आणि नुसत्या पाठवायच्या नाहीत. कॅम्पच्या आदल्या शनिवारी दुकानात येऊन प्रत्येक हार्नेसची शिलाई चष्मा लावून बघायच्या. त्या आल्या. चप्पल दाराशी काढून आत बसल्या, चहा नको म्हणाल्या, वही मागितली. सातचं पान काढलं. पार्टनरचं ‘बाद. कापायचा.’ वाचलं.

“कापला का?”

मी सांगितलं, नाही. दिला.

“कोणाला?”

तेही सांगितलं.

बाईंनी वही मिटली. “मग चूक तुमची आहे. त्याची नंतर.” मी मान खाली घातली. “माझी मुलं डिसेंबरला येतील. पण माळ्यावर अजून किती जुने रोप आहेत ते खाली काढा.”

चार निघाले. पार्टनरने गॅसवर सुरी लाल केली आणि बाईंसमोर एकेक रोप हातहातभर कापला. वितळलेल्या नायलॉनचा वास आठ दिवस गाळ्यात होता. बाई नाकाला पदर लावून शेवटचा तुकडा होईपर्यंत बसून राहिल्या, मग एकशे चाळीस मुलांचा अॅडव्हान्स रोख मोजून दिला. शाळेचे चेक उशिरा होतात म्हणून तो त्यांनी स्वतःच्या खात्यातून काढला होता, हे मला मार्चमध्ये कळलं. मोबाईल कव्हरवाल्याला नाही म्हणून सांगितलं.

सात नंबर तेव्हा पोरापाशीच होता. दिवाळीनंतर पार्टनर त्याच्या घरी जाऊन दोन हजार रुपये देऊन तो घेऊन आला. फुकट दिलेला रोप. हिशेबात ते दोन हजार मी आजवर कशात घालावे ते ठरवलेलं नाही.

पुढचं थोडक्यात. बाईंच्या एका शाळेच्या चार झाल्या, मग नऊ. २०१८ ला सरकारने साहसी उपक्रमांच्या सुरक्षेची नियमावली काढली, २०२१ ला साहसी पर्यटनाचं धोरण आलं, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची वेळ आली तेव्हा बरेच जण सामानाच्या नोंदी शोधत फिरत होते. आम्ही वह्या पिशवीत घालून नेल्या. कोविडबद्दल लिहीत नाही, सगळ्यांचं सारखंच. फक्त एक. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमचे चाळीस टेन्ट दिवेआगरला एका वाडीत पडवीवर ठेवलेले होते. पत्रे गेले, टेन्ट गेले, वाडीतल्या सुपाऱ्या आडव्या झाल्या. तिथल्या मामांचा फोन लागायला आठ-नऊ दिवस गेले, आणि लागला तेव्हा त्यांनी आधी आमचीच चौकशी केली. नंतर त्यांच्या पडवीचे पत्रे आम्ही पाठवले. आजही ते आमच्याकडून तंबू ठेवायचं भाडं घेताना कुरकुर करतात, ते वेगळं.

पार्टनरचे गुडघे गेलेत. मंगळवार-शुक्रवार येतो, खुर्चीत बसून रोप बोटांतून सोडतो, वही लिहितो. बाई रिटायर झाल्या, शनिवारची तपासणी आता माझी मुलगी करते, तोच चष्मा लावून बघायचा आव आणत.

आणि तो पोरगा मोठा झालाय. स्वतःच्या बस आहेत, रील्स आहेत, हरिश्चंद्रगडावर शनिवारी रात्री त्याच्या टी-शर्टची रांग दिसते. कोकणकड्यावर एवढी माणसं नेऊ नयेत असं माझं मत आहे, पण मला कोणी विचारत नाही. मागच्या जुलैत तो दुकानात आला. हार्नेस कमी पडत होते, पंधरा हवे होते, दोन दिवसांसाठी. “सर, ओळखीत काही कमी-जास्त?” म्हणाला. बोलता बोलता त्याची नजर कॅलेंडरच्या वर गेली आणि तो थांबला. पार्टनर मान वर न करता पावती लिहीत होता. मी डिपॉझिट पूर्ण घेतलं.

मंगळवारी हार्नेस परत आले. पार्टनरने मोजले. चौदा. एकाचं डिपॉझिट कापून बाकीचं परत केलं.