वॉशिंग्टनला न्यायचं एक पान

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आईला फोनवर सांगितलं, "आई, आमच्या क्रेडिट युनियनतर्फे मी वॉशिंग्टनला चाललेय." तिनं पहिला प्रश्न विचारला, "सभासद किती?" मी म्हटलं, "सहा हजारांच्या वर." लगेच दुसरा प्रश्न, "आणि थकबाकी?"

वाईच्या एका महिला पतसंस्थेत आई अकरा वर्षं संचालक होती. संस्थेची तब्येत कुठल्या दोन आकड्यांत कळते, हे तिला पक्कं ठाऊक आहे. मला मात्र ते कळायला न्यू जर्सीतल्या एका लहानशा क्रेडिट युनियनच्या संचालक मंडळावर चार वर्षं काढावी लागली.

क्रेडिट युनियन म्हणजे इथली पतसंस्थाच. आमच्याकडे पाच डॉलरचा एक भाग घेतला की माणूस सभासद होतो. खात्यात पाच डॉलर असोत की पन्नास हजार, मत एकच. संचालक सभासदांतूनच निवडून येतात आणि ते काम जवळजवळ सगळेच विनावेतन करतात, कारण फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, सनदेच्या युनियनमध्ये कायद्यानं फार तर एका पदाधिकाऱ्याला मोबदला देता येतो. दरवर्षी फेब्रुवारीअखेरीस किंवा मार्चच्या सुरुवातीला देशभरातले असे हजारो संचालक आणि कर्मचारी वॉशिंग्टनला जमतात. त्या परिषदेचं नाव गव्हर्न्मेंटल अफेअर्स कॉन्फरन्स. ती भरवते 'अमेरिकाज क्रेडिट युनियन्स' ही शिखर संस्था. दोन जुन्या राष्ट्रीय संघटना १ जानेवारी २०२४ ला एकत्र येऊन ती झाली. परिषदेत भाषणं आणि चर्चासत्रं असतातच, पण खरं काम सभागृहाबाहेर असतं. प्रत्येक राज्याचं शिष्टमंडळ आपापल्या सिनेटर आणि प्रतिनिधींच्या कार्यालयात जाऊन आपली बाजू मांडतं. या वेळी आमच्याकडून मी जाणार होते, पहिल्यांदाच.

तयारी म्हणून मी आधी वाचायला बसले. १९३४ चा फेडरल क्रेडिट युनियन कायदा, १९७० साली झालेला सभासदांच्या ठेवींचा विमा निधी, १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर सभासदत्वाचे नियम बदलणारा कायदा. वाचता वाचता एका ठिकाणी थांबलेच. एडवर्ड फाइलीन हा बोस्टनचा मोठा दुकानदार १९०७ साली जगप्रवासाला निघाला होता आणि त्या प्रवासात भारतात आला. आपल्याकडच्या १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याला तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. बंगालमधल्या खेड्यांतले शेतकरी एकमेकांच्या भरवशावर पैसे साठवतात, कर्ज देतात आणि सावकाराला दूर ठेवतात, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं. घरी परतल्यावर त्यानं या कामाला स्वतःला वाहून घेतलं. मॅसॅच्युसेट्सचा १९०९ चा क्रेडिट युनियन कायदा होण्यात त्याचा मोठा वाटा होता. त्याआधी न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टरला फ्रेंच भाषक गिरणी कामगारांनी कॅनडाच्या आल्फोन्स देजारदँ यांच्या मदतीनं देशातली पहिली क्रेडिट युनियन सुरू केली होती. म्हणजे या चळवळीच्या मुळाशी कॅनडा आहे, तसंच आपल्याकडचं एखादं गवताच्या छपराचं घरही आहे. हे मी आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हे आमच्या बायकांना कुणीतरी सांगायला हवं होतं गं."

यंदा मांडायचा मुख्य विषय होता करसवलतीचा. फेडरल क्रेडिट युनियनला १९३७ पासून केंद्राचा आयकर नाही. सरकारला पैसा कमी पडू लागला की ही सवलत काढायची चर्चा सुरू होते, आणि बँकांच्या संघटनांची ती जुनी मागणी आहेच. आपल्याकडे सहकारी संस्थांना आयकरात सवलत देणाऱ्या ८०पी कलमावरून झालेले वाद ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे नवं वाटणार नाही. आमचं म्हणणं साधं आहे. इथे बाहेरचा भागधारक नसतो. वर्षाअखेरी जे उरतं ते कर्जावरच्या कमी व्याजात, ठेवीवरच्या जास्त व्याजात आणि राखीव निधीत जातं. सभासद आपल्या व्याजावर कर भरतोच, युनियन मालमत्ता कर भरते. काही युनियन आता बँकांइतक्या मोठ्या झाल्या आहेत, त्यांचं काय, असं बँका विचारतात. तो प्रश्न मला गैर वाटत नाही. पण त्यांच्यासाठी लावलेला कर आमच्यासारख्या दोन शाखांच्या संस्थेच्या राखीव निधीतून जाईल, आणि राखीव निधी आटला की कर्ज आटतं. पहिलं कर्ज आटतं ते ज्याला बँकेनं आधीच परत पाठवलंय त्याचं.

हे सगळं मी छान टाचणं काढून मंडळाच्या बैठकीत बोलून दाखवलं. दोन मिनिटं मिळणार होती. तिसऱ्याच वाक्याला आमच्या सर्वांत जुन्या संचालकांनी हात वर केला. ते तीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेले. त्यांनी विचारलं, "ज्या माणसासाठी हे चाललंय, तो राहतो कुठे?"

माझ्या टाचणात माणूसच नव्हता.

पुढचे दहा दिवस मी कर्ज विभागात बसून काढले. गोदामात रात्रपाळी करणारा एक सभासद सापडला. त्याच्या कामावर जायला रात्री अकराला बस नाही, गाडी हवीच. जुन्या गाडीसाठी त्यानं विक्रेत्यामार्फत कर्ज घेतलं होतं, व्याज २३ टक्के. मुळात फेडरल क्रेडिट युनियनला १८ टक्क्यांच्या वर व्याज सहसा लावताच येत नाही. आमच्याकडे तो आला तेव्हा ११,००० डॉलर बाकी होते. आम्ही ते कर्ज १० टक्क्यांनी, पाच वर्षांच्या मुदतीनं आमच्याकडे घेतलं. तेवढ्याच मुदतीला २३ टक्क्यांनी महिन्याला ३१० डॉलर पडले असते, आता २३४ पडतात. ७६ डॉलरचा फरक. मी त्याला विचारलं, "तुमची हकीकत वॉशिंग्टनला सांगितली तर चालेल का? नाव सांगणार नाही." तो म्हणाला, "सांगा. पण आकडे बरोबर सांगा." त्याच्याकडून लेखी परवानगी घेतली आणि एका पानावर सगळं बसवलं. वर त्याची हकीकत, खाली आमच्या मतदारसंघातले सभासद आणि कर्जाचे आकडे, शेवटी एकच मागणी. कार्ड व्यवहारांच्या शुल्काचा मुद्दा मागच्या बाजूला दोन ओळींत.

बॅग भरताना एक गोष्ट अनुभवी लोकांनी बजावून सांगितली होती, नवे बूट घालू नका. प्रतिनिधींच्या तीन इमारती कॅपिटॉलच्या, म्हणजे इथल्या संसद भवनाच्या, दक्षिणेला, सिनेटच्या तीन उत्तरेला. लागोपाठच्या दोन भेटी दोन टोकांना आल्या की पळापळ होते. मी वापरून सैल झालेले काळे बूट घेतले, लोकरीचा कोट घेतला आणि आईनं पाठवलेली नारायणपेठ. पहिल्या दिवशी सभागृहात नेसायची ठरवली होती.

रविवारी सकाळी मेट्रोपार्कहून ॲमट्रॅकची गाडी पकडली. तीन तासांच्या आसपासचा प्रवास. ट्रेंटनला डेलावेअर नदी ओलांडताना शेजारच्या पुलावरची ती प्रसिद्ध मोठी अक्षरं दिसली, 'ट्रेंटन मेक्स, द वर्ल्ड टेक्स'. एके काळी इथे दोरखंड, पोलाद, चिनी मातीची भांडी बनायची. अशाच कारखान्यांच्या गावांत कामगारांच्या क्रेडिट युनियन उभ्या राहिल्या. मग फिलाडेल्फिया, विल्मिंग्टन. सस्क्वेहॅना नदीवरून गाडी जाताना दोन्ही बाजूंना राखाडी पाणीच पाणी. कृष्णेच्या घाटावर वाढलेल्या मला एवढ्या रुंद पात्राची अजून सवय नाही.

बाल्टिमोरच्या पुढे मला आत्या आठवली. निवृत्तीच्या पैशातले दोन लाख तिनं एका पतसंस्थेत ठेवले होते. संस्था बुडाली. त्या ठेवीची पावती अजून तिच्या कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत आहे, घडीवर विरलेली. आपल्याकडे बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला ते कवच नाही. इथे सभासदाला २,५०,००० डॉलरपर्यंतचं संरक्षण आहे, आणि त्या निधीसाठी प्रत्येक विमाधारक युनियन आपल्या विमा असलेल्या ठेवींच्या एक टक्का रक्कम जमा ठेवते. वाईची आणि न्यू जर्सीची संस्था एकाच विचाराच्या. आत्याला मिळाला नाही तो फक्त हा कायदा. कायदे करणाऱ्यांच्या दारात जायचं कशासाठी, हे मला कुठल्याही पुस्तिकेपेक्षा त्या पावतीनं जास्त समजावलंय.

युनियन स्टेशनवर उतरले. हे भव्य स्थानक सुरू झालं १९०७ साली, फाइलीन भारतात होता त्याच वर्षी. बाहेर आलं की समोर दक्षिणेला कॅपिटॉलचा घुमट. फोटोत शंभरदा पाहिला होता, तरी पाय थबकले. मेट्रोची रेड लाइन घेऊन गॅलरी प्लेसला बदललं, तिथून एकच स्टेशन पुढे परिषदेचं सभागृह. वॉल्टर वॉशिंग्टन हे या शहराचे नव्या व्यवस्थेतले पहिले निवडून आलेले महापौर, सभागृहाला त्यांचंच नाव. नोंदणीच्या रांगेत माझ्या पुढे अलास्काच्या एका मासेमारीच्या गावातल्या बाई होत्या, मागे टेक्सासमधले एक निवृत्त शिक्षक. दोघांच्याही हातात माझ्यासारखीच एक फाइल होती. बाईंनी त्यांच्याकडच्या बोटींच्या कर्जांबद्दल सांगितलं, मी वाईच्या पिग्मी एजंटबद्दल. रोज संध्याकाळी दुकानोदुकानी फिरून दहा-वीस रुपये जमा करणारा माणूस त्यांना इतका आवडला की त्यांनी 'पिग्मी' हा शब्द वहीत लिहून घेतला.

दुपारी मी एकटीच निघाले. ल'एनफाँ प्लाझाला बदलून कॅपिटॉल साउथला उतरले आणि मंगळवारच्या भेटींचा रस्ता पायी मोजून पाहिला. सुट्टीमुळे इमारती बंद होत्या. प्रतिनिधींच्या लाँगवर्थ इमारतीच्या दारापासून कॅपिटॉलला पूर्वेकडून वळसा घालत सिनेटच्या हार्ट इमारतीपर्यंत, वारा सोसत, चांगली वीस मिनिटं लागली. सुरक्षा तपासणीची रांग धरून पस्तीस मिनिटं हाताशी हवीत, असं वहीत लिहिलं. रस्ताभर माझी दोन मिनिटं पुटपुटत होते. "तो तुमच्या मतदारसंघात राहतो. रात्री अकराला कामावर जातो." ही दोन वाक्यं आता न अडखळता येत होती.

रात्री हॉटेलात साडी हँगरला लावली आणि फाइल उघडली. सात प्रती होत्या, दोन सिनेटरांच्या कार्यालयांसाठी, एक आमच्या प्रतिनिधींसाठी, बाकी हाताशी. तेवढ्यात फोनवर त्या सभासदाचा संदेश आला. या महिन्याचा हप्ता त्यानं आज भरला होता. पानावर छापलं होतं, 'आता बाकी ९,०५८ डॉलर'. त्यानं लिहिलं होतं, "आता ८,९०० आहे. जमलं तर तसं सांगा."

खाली जाऊन छापून आणता आलं असतं. पण मी पेन घेतलं, सातही प्रतींवरचा जुना आकडा एका सरळ रेघेनं खोडला आणि शेजारी नवा लिहिला.