उतामारोच्या स्वयंपाकघरातली फुंकणी

जपानी लाकडी ठशांची चित्रं म्हटलं की सगळ्यांना होकुसाईची ती मोठी लाट आठवते, ती भारीच आहे, वादच नाही, पण मला त्याच्या आधीची, घरातली कामं दाखवणारी चित्रं जास्त आवडतात. उतामारो या जपानी चित्रकाराचं दोन कागद जोडून केलेलं एक स्वयंपाकघराचं चित्र आहे, १७९५ च्या आसपासचं. एक बाई बांबूच्या नळीने चुलीत फुंकर घालतेय, दुसरी गरम पाणी काढताना तोंड वाकडं करतेय, एकजण भाजी सोलत बसलीय. ती नळी म्हणजे आपली फुंकणीच की! आईला मोबाईलवर दाखवलं, तिचं माहेर तासगावकडचं, सगळं बालपण चुलीपुढं गेलेलं, तर बघितल्या बघितल्या म्हणाली, "लाकडं वली असणार बघ, न्हाईतर एवढा धूर कशाला."

मला हेच लई आवडतं, की धुराचा त्रास त्याने लपवला नाही.

आणि हे एकट्याचं काम नसायचं. चित्रकार रेखाटन करणार, कोरणारा ते चेरीच्या लाकडात कोरणार, छापणारा हाताने घासून कागदावर उतरवणार, प्रकाशक पैसे घालणार. प्रत्येक रंगाला वेगळा ठसा, आणि सगळे रंग जागच्या जागी पडावेत म्हणून ठशाच्या कडेला खाच, कागद तिथंच टेकवायचा. मच्छरदाणीची चित्रं तर झूम करून बघाच, उभे धागे एका ठशाचे, आडवे दुसऱ्याचे, आणि त्या जाळीतून आतल्या बाईचा चेहरा दिसतो, म्हणजे कोरणाऱ्याने एकेक रेघ उभी ठेवून बाजूचं सगळं लाकूड काढलेलं असतं!

हारुनोबू या चित्रकाराने त्याआधीच, १७६६ च्या सुमारास, अजून एक झकास गोष्ट केली. चीनमध्ये आठ निसर्गदृश्यांची जुनी परंपरा होती, शरदातला चंद्र, परतणारी गलबतं, रात्रीचा पाऊस, उतरणारे हंस वगैरे. त्याने ती आठही घरात आणली. चंद्राच्या जागी आरसा, गलबताच्या शिडाच्या जागी वाळत घातलेला टॉवेल, पावसाच्या जागी उकळत्या पाण्याचा आवाज, आणि हंसांच्या जागी कोतो या तंतुवाद्याच्या तिरक्या ओळीत लावलेल्या घोड्या, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ते आधार. आमच्या मिरजेत सतार-तंबोरे बनवणाऱ्यांना ही कल्पना कुणीतरी दाखवायला पाहिजे, घोडी म्हणजे काय ते त्यांना समजावून सांगायला लागणार नाही.

आपल्याकडं बायकांचं काम जात्यावरच्या ओव्यांमध्ये भरभरून आलं, दळण, माहेर, सासर सगळं. पण घराघरात लागलेल्या छापील चित्रांत मात्र लक्ष्मी-सरस्वती आल्या, चुलीपुढची बाई फारशी आली नाही, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. सांगलीत चित्रं काढणारी एवढी पोरं आहेत, त्यातल्या कुणीतरी भाकरी थापणारी, बंबात लाकडं सारणारी, हळद कांडणारी बाई लाकडात कोरून छापावी. पहिली प्रत मी घेणार, आत्ताच सांगून ठेवतो.