बॉनेटचा पत्रा दबतो तेच बरं आहे

चैत्र लागला की धुळे-मालेगाव रस्त्याला गडावर पायी जाणाऱ्यांची रीघ लागते, आमच्या गल्लीतनं पण दरवर्षी पंधरा-वीस जण सप्तशृंगीला निघतात, पहाटे अंधारात, हायवेच्या कडेकडेने. म्हणून हे आत्ताच लिहितोय.

परवा मामांची गाडी घेऊन धुळ्यात गॅरेजला गेलो होतो. तिथे एकाने दुसऱ्या एका नव्या गाडीच्या बॉनेटवर अंगठा दाबला, पत्रा टुपकन आत गेला, परत बाहेर आला, आणि झालं सुरू, आताच्या गाड्या म्हणजे नुसते डबे, पहिल्या गाड्या कशा दणकट. मला राहवलं नाही. अहो तो पत्रा दबायलाच पाहिजे! चालत्या माणसाला गाडी ठोकली की आधी बंपर पायाला लागतो, मग माणूस बॉनेटवर आडवा होतो आणि डोकं आपटतं. याची टेस्ट करताना नुसतं डोकंच घेतात, कातडीसारखं आवरण घातलेला गोळा, आत सेन्सर, मोठ्या माणसाचं ४.५ किलोचं आणि लहान मुलाचं ३.५ किलोचं. युरो एनकॅपमध्ये, म्हणजे युरोपात नव्या गाड्यांची सुरक्षा तपासतात त्या टेस्टमध्ये, ते ताशी ४० किमीने बॉनेटवर मारतात. ताशी ४० म्हणजे साधारण २० फुटांवरून डोक्यावर पडल्यासारखं, आणि ४० ला आपण हळू म्हणतो! मग १५ मिलिसेकंदांत डोक्याला किती हिसका बसला त्यावरून एचआयसी नावाचा आकडा काढतात, तो १००० च्या वर गेला की कवटीचं आणि मेंदूचं काही खरं नाही. पत्रा दबला, खाली इंजिनपर्यंत मोकळी जागा असली तर आकडा खाली येतो. वायपरच्या खुंट्या, बॉनेटचे बिजागर, काचेच्या बाजूचे खांब, इथे डोकं लागलं तर मात्र वाईट.

आणि आपण काय करतो, या सगळ्याच्या पुढे लोखंडी गार्ड ठोकतो. चार-पाच वर्षांच्या पोराचं डोकं बॉनेटपर्यंत जातच नाही, सरळ त्या पाइपावर. डिसेंबर २०१७ मध्येच केंद्राने राज्यांना सांगितलंय की असे गार्ड लावणाऱ्यांवर कारवाई करा, तरी आपल्याकडे दर तिसऱ्या गाडीला दिसतो. मामांच्या पण होता.

मामा म्हणे, "गाडीले काही व्हयनं तं?"

मी म्हटलं, मामा, मामी याच रस्त्याने चालत जाते ना.

ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनीच मिस्त्रीला पाना आणायला सांगितला. गार्ड थेट चेसिसला कसलेला, दोन बोल्ट पार गंजलेले, अर्धा तास गेला पण निघाला.