सूत्रामागे दडलेला सदिश

सोलापुरात अकरावीला विज्ञान शाखा घेतली, तेव्हा त्रिकोणमिती म्हणजे माझ्या लेखी गिरणीच्या चिमणीची उंची होती: पायथ्यापासून ६० मीटरवर उभे राहावे, टोक ३० अंशांच्या कोनात दिसावे, ६० ला टॅन ३०° ने, म्हणजे सुमारे ०.५७७ ने गुणावे आणि आलेल्या ३४.६ मीटरमध्ये डोळ्यांची जमिनीपासूनची उंची मिळवावी. कोनांच्या वजाबाकीचे सूत्र मात्र मी निव्वळ पाठ केले होते.

सदिशांचा, म्हणजे लांबी आणि दिशा दोन्ही असलेल्या राशींचा, धडा सुरू झाल्यावर सरांनी फळ्यावर एकाच बिंदूतून निघणारे, एक एकक लांबीचे दोन बाण काढले. एक क्ष-अक्षाशी 'अ' कोन करणारा, दुसरा 'ब' कोन करणारा. घटकांवरून, म्हणजे दोन्ही अक्षांवरील त्यांच्या भागांवरून, त्यांचा अदिश गुणाकार (जुळणाऱ्या घटकांच्या गुणाकारांची बेरीज) कॉस अ · कॉस ब + साइन अ · साइन ब इतका येतो, आणि व्याख्येप्रमाणे तोच गुणाकार दोन्ही लांबी आणि मधल्या कोनाचा कॉस यांचा, म्हणजे कॉस (अ − ब) इतका असतो. पाठ केलेले सूत्र दोन ओळींत सिद्ध झाले! माझ्या मते हा धडा त्रिकोणमितीला लागूनच शिकवायला हवा.

(आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये साइनच्या, म्हणजे तेव्हाच्या 'ज्या'च्या, २४ फरकांची सारणी दिली, हेही त्याच तासाला कळले.)

घरी येऊन मी ४५° मधून ३०° वजा केले आणि कॉस १५° काढला: ०.९६५९.