आरोप म्हणे!

परदेशातली निवडणूक आमच्या नौपाड्यात पोचते ती आतल्या पानावर, चार ओळींत: व्हेनेझुएलात राष्ट्राध्यक्ष मादुरो विजयी, विरोधकांचा घोटाळ्याचा आरोप. झालं! जुलै २०२४ मध्ये व्हेनेझुएलात खरी बातमी कागदाची होती. तिथलं मतदान यंत्र उमेदवारनिहाय मतांची लांबलचक पट्टी छापतं, त्यावर क्यूआर कोड, आणि प्रत पक्षांच्या प्रतिनिधींना. विरोधकांनी ८० टक्क्यांहून जास्त पट्ट्या जमवून इंटरनेटवर टाकल्या. त्यांत विरोधकांचे उमेदवार गोन्झालेझ ६७ टक्क्यांच्या आसपास. आयोगाने मादुरोंना ५१ टक्के दिले, केंद्रनिहाय आकडे मात्र दिलेच नाहीत. इलेक्शन ड्युटीत रात्री उशिरापर्यंत १७-सी, म्हणजे केंद्रावरच्या मतांच्या हिशेबाचा फॉर्म, भरत बसलेली बाई मी. हिशेब कुणी दाखवायचा असतो, हे मला सांगू नका. ही निवडणूक लोकशाही मानता येणार नाही, असं कार्टर सेंटर या अमेरिकी संस्थेच्या निरीक्षकांनी म्हटलं, ते तरी छापा की!